घरापुढचा उतार

घर बघायला गेल्यावर घर सोडून बाकी सगळे बघणारा माणूस साऱ्या चांदा जिल्ह्यात एकच होता, आणि पुढे जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन गडचिरोली निराळी झाली तेव्हाही दोन्ही जिल्ह्यांत मिळून तो एकच राहिला. भाड्याचे घर बघताना लोक छपराकडे बघतात, चुलीची जागा बघतात, पाणी किती लांबून आणावे लागेल ते विचारतात, शेजाराचा अंदाज घेतात. हा गृहस्थ फाटकाशीच थांबे. घरमालक कुलूप काढून आत बोलावत असे आणि हा अंगणात उकिडवा बसून जमिनीकडे बघत असे. "अंदर या न साहेब, खोल्या पाहा," असे मालकाने म्हटले की, "खोल्या सगळ्यायच्या सारख्याच असतेत. गाडी कुठी ठेवाची ते सांगा," हे ठरलेले उत्तर. असा हा माणूस माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला. बहिणीला आम्ही सगळी भावंडे बाई म्हणतो, आणि म्हणून हे आमचे भाऊजी. जिल्हा परिषदेत ओव्हरसियर होते, गावोगावचे जुने तलाव दुरुस्त करणे, त्यांच्या पाळींवर, म्हणजे बांधांवर, माती टाकून घेणे हे त्यांचे काम. सहा फूट उंच, काटकुळे, डोक्यावर खाकी टोपी. मी शाळेत नोकरीला लागायच्या दोन वर्षे आधीपासून ते मला मास्तर म्हणत, त्यामुळे पुढे मास्तर होण्यावाचून मला गत्यंतर उरले नाही.

गाडी म्हणजे एक जीप होती. एका सरकारी खात्याने ती कामातून गेली म्हणून लिलावात काढली आणि ती कामातून गेलेली नाही असे साऱ्या लिलावात एकट्या भाऊजींना वाटले. तिचा सेल्फ मारला तर ती एकदा खोकून गप्प बसे. पुढून लोखंडी हँडल घालून फिरवावे, तर त्या हँडलने पहिल्याच आठवड्यात उलटा झटका देऊन भाऊजींचे मनगट मोडले होते, तेव्हापासून हँडल आणि भाऊजी एकमेकांशी बोलत नव्हते. मेकॅनिकांनी आळीपाळीने तिला उघडले आणि आळीपाळीने हात जोडले. राहता राहिला एकच मार्ग. जीप उतारावर उभी करायची, ब्रेक सोडायचा, ती आपल्या पायाने घरंगळू लागली की दुसरा गिअर टाकून क्लच सोडायचा. मग ती आधी शिंकत असे, मग सगळ्या अंगाने हादरत असे आणि निघत असे. एकदा निघाली की मात्र थांबायचे नाव नाही, हे भाऊजी अभिमानाने सांगत. ते खरेच होते, ब्रेकही तिचे तसेच होते.

त्या जीपच्या दारावर जुन्या खात्याची अक्षरे नव्या रंगाखालून दिसत. त्यामुळे जंगलातल्या रस्त्याने भाऊजी निघाले की सरपणाच्या मोळ्या घेऊन येणाऱ्या बाया मोळ्या टाकून झाडीत शिरत. भाऊजींना याचे फार वाईट वाटे. ते गाडीतून ओरडत, "ओ बाई, पळू नोका! मी जंगलवाला नाई, तलाववाला होय!" पण गाडी थांबवता येत नसल्यामुळे हे वाक्य पुरते ऐकू जाईपर्यंत ते पुढच्या वळणावर गेलेले असत. एका घरी राहत असताना मालकाच्या कोंबडीने मागच्या सीटखाली अंडी घातली आणि ती त्यांच्यावर बसून राहिली. भाऊजी तिला घेऊन तीन गावांचे तलाव बघून आले तरी त्यांना पत्ता नाही. पाळीवर कोंबडीचा आवाज कुठून येतो म्हणून त्यांनी मजुरांना विचारले, आणि मजुरांना वाटले साहेब जेवणाचे सुचवत आहेत. संध्याकाळी कोंबडी अंड्यांसकट मालकाच्या हवाली करताना ते म्हणाले, "बाकी तुमची कोंबडी लय धीराची आहे. माह्या गाडीत माणसं एवढे चूप बसत नाई."

तर अशा गाडीला घरापुढे उतार लागे. साधा उतार नव्हे. तो रस्त्याच्या दिशेने हवा, वाटेत म्हशी बसण्याची जागा नको, दुपारी सावली हवी आणि शेवटी निदान वीस पावले मोकळी हवीत. उतार डोळ्याला फसवतो असे भाऊजींचे मत होते, म्हणून ते शर्टाच्या खिशात नेहमी एक लिंबू ठेवत. जमिनीवर लिंबू ठेवायचे, हात काढून घ्यायचा आणि बघायचे. लिंबू गडगडले तर जीप गडगडते, हा त्यांनी अनुभवाने काढलेला सिद्धांत. मी विचारले, पोरांची कंची, खेळायची काचेची गोटी, का नाही घेत? तर म्हणाले, "कंची हलकट असते मास्तर, फुंकलं तरी चालते. संत्रा आळशी असते. लिंबाचा आन् माह्या गाडीचा स्वभाव एक आहे." ऑफिसची लेव्हल होतीच की, म्हटले, तर "ते सपाटी सांगते, उतार नाई सांगत." लिंबू सुकले की ते बदलत, कारण सुकलेले लिंबू वेडेवाकडे चालते. जुने लिंबू बाईच्या वरणात जाई.

बाईने आठ वर्षांत या लिंबाच्या पसंतीची सहा घरे केली. चिमूरला जीप पडवीत राहत होती आणि घरात जायचे तर तिच्या एका दारातून चढून दुसऱ्या दारातून उतरावे लागे. पाहुण्यांना वाटे आपल्याला फिरायला नेत आहेत. मूल म्हणजे धानाचा मुलूख, सपाट बांध्यांचा, म्हणजे भातखाचरांचा, तिथे उतार शोधत भाऊजी महिनाभर लिंबू घेऊन हिंडले आणि शेवटी राइस मिलच्या मागची जागा सापडली, जिथे पोत्यांच्या गाड्या चढवायला मिलवाल्याने चढण केली होती. मिल चालू झाली की कोंडा उडे. भातात कोंडा, पाण्यात कोंडा, उशीत कोंडा. भाच्या शाळेत जात तेव्हा उन्हात त्या सोन्याच्या दिसत आणि बाई त्यांना फाटकाशी उभे करून झाडणीने झाडत असे. धानोऱ्याला घर टेकाडावर होते, उतार असा की लिंबू हातातून सुटले ते सापडलेच नाही. भाऊजी तिथे सर्वांत सुखी होते. पाणी मात्र टेकाडाच्या खाली होते आणि बाई ते डोक्यावरून वर आणत होती. सावलीला मोहाचे झाड होते. मोहफुलांचे दिवस आले तेव्हा ज्या घराच्या वाट्याचे ते झाड होते त्या घरच्या बाया पहाटेच टोपल्या घेऊन आल्या, त्यांनी झाडाखालचा पाला झाडून जागा साफ केली आणि जीपमध्येही शिरून फुले वेचली. पण सीटच्या फटींतली राहून गेली. ती आत बसून चांगली आंबली, आणि पुढे पंधरा दिवस भाऊजी जिथे जात तिथे त्यांच्या आधी तो वास पोहोचे. सुपारीचे खांडही न खाणारा हा माणूस, त्याला मोठ्या साहेबांनी जवळ बोलावून दोनदा हुंगले आणि "घरी काही अडचण आहे का?" म्हणून मायेने विचारले.

गंमत अशी की हा माणूस पक्का बुद्धिवादी होता. जयंतीच्या सभेत दर वर्षी त्यांचे भाषण असे आणि विषय दर वर्षी एकच असे. त्या काळी आमच्या भागात भानामतीच्या गोष्टींना ऊत आला होता. कुणाचे कपडे पेटत, कुणाच्या गायीचे दूध आटे, आणि मग कुणाच्या तरी उंबऱ्याशी लिंबू सापडे. भाऊजी टेबलावर मूठ आपटून म्हणत, "कारन पायजे! बिना कारनाचं जगात काई होत नाई. गाईचं दूध आटलं तं चारा पाहा, लिंबू पाहू नोका!" हे म्हणताना त्यांच्या स्वतःच्या खिशातले लिंबू शर्टातून फुगलेले दिसत असे. मी त्यांना एकदा विचारले की भाऊजी, सगळ्याला कारण लागते, मग एवढ्या उतारासाठी बायकापोरांचे हाल का? धक्का मारायला माणसे मिळतातच की. ते टोपी काढून परत घालत म्हणाले, "कारन आहे." एवढेच. त्यापुढे त्यांनी कार्बोरेटरचा विषय काढला.

आणखी एक सवय होती, तिच्याकडे मी तेव्हा लक्ष दिले नाही. त्यांची थोरली मुलगी बैलबंडीत जन्मली. चिमूरच्याही पलीकडे एका खेड्यात ते पहिल्यांदा राहत होते, जीप नुकतीच घेतलेली, आणि बाईचे दिवस भरत आले होते ते धानाच्या ऐन रोवणीत. कळा सुरू झाल्या तर जीप जागची हलेना. घर सपाटीवर. धक्का मारायला गावात माणूस नाही, सगळे गाव बांध्यांमध्ये चिखलात. शेवटी एका म्हाताऱ्या जोडप्याने बंडी जुंपली, आणि दवाखाना चार कोस राहिलेला असताना पोर बंडीतच झाली, म्हातारीच्या हातावर. बाई ही गोष्ट फार रंगवून सांगते. बैल कसे मागे वळून बघत होते, म्हातारा कसा पाठ करून बसला आणि बैलांनाच म्हणत होता की "बावा हो, इकडं नोका पाहू." ऐकणाऱ्यांची हसून मुरकुंडी वळे. फक्त भाऊजी कधी हसले नाहीत. गोष्ट सुरू झाली की ते रेडिएटरमध्ये पाणी आहे का बघायला बाहेर जात आणि गोष्ट संपल्यावर परत येत. मला वाटे, शंभरदा ऐकून कंटाळले असतील.

मग भाऊजींची बदली गडचिरोलीला झाली. जिल्हा नवा, रोज एक कचेरी उघडत होती आणि प्रत्येक कचेरीबरोबर दहा-वीस कारकून बिऱ्हाडे घेऊन येत होते. गोठे साफ करून लोक खोल्या म्हणून देत होते. मी तिथल्या शाळेत होतो आणि एका खोलीत सायकल उशाशी घेऊन झोपत होतो. बाई पोरींसकट तात्पुरती मूलला, आमच्या घरी, आली होती आणि या वेळी तिने पाय रोवला. तिने मला बोलावून भाऊजींच्या देखत सांगितले, "तू संग जा. घर तू पाय, गाडीची जागा यायले पाहू दे. मले अंगणात इहीर पायजे न सयपाकघराले खिडकी पायजे. आठ वर्स मी उतारावर राह्यली, आता मले सपाट राहाचं आहे. पंधरा दिवसात असं घर नाई भेटलं, तं मी पोरी घेऊन मुललाच राहीन, माहेरी. यायनं खुशाल उतारावर एकट्यानं राहावं." बाई जे बोलते ते करते हे आम्हाला दोघांनाही ठाऊक होते. भाऊजींनी खिशातले लिंबू चाचपले आणि मान हलवली.

पहिले दहा दिवस कसे गेले ते सांगत बसत नाही. विहीर असलेले घर सपाट निघे, उताराच्या घराला विहीर नसे. एका ठिकाणी दोन्ही होते, पण उतार थेट विहिरीकडे होता. भाऊजी तिथेही बराच वेळ विचार करत उभे राहिले, आणि मला हात धरून त्यांना बाहेर आणावे लागले. रात्री माझ्या खोलीत खाटेवर बसून ते बाईच्या सैपाकघराला किती खिडक्या हव्यात याचे आकडे मांडत. पोरींवाचून त्यांना करमत नव्हते. धाकटीने दिलेली एक रिबीन त्यांनी जीपच्या आरशाला बांधली होती. अकराव्या दिवशी आम्हाला मावशींचे घर सापडले.

या मावशी म्हणजे साऱ्या गल्लीच्या मावशी. एकट्याच होत्या, मुलगा बाहेरगावी नोकरीला. घर कौलारू, अंगणात रहाटाची विहीर, आणि सैपाकघराला एक सोडून दोन खिडक्या, शाळा हाकेच्या अंतरावर. मी आत सगळे फिरून आलो, चुलीशी उभा राहिलो, खिडकीतून बाहेर डोकावलो आणि मनात म्हटले, बाई आली! आणि त्याच खिडकीतून मला भाऊजी दिसले. ते अंगणाच्या मधोमध उकिडवे बसले होते. टोपी काढून बाजूला ठेवलेली. त्यांनी खिशातून लिंबू काढले, फुंकर मारून जमिनीवरची माती सारली, लिंबू ठेवले, दोन्ही हात वर करून मागे सरकले आणि हळू आवाजात त्याला म्हणू लागले, "चाल... चाल बावा... चाल माह्या राजा..."

मावशींनी हे दारातून पाहिले. त्यांची गाय चार दिवसांपासून दूध देत नव्हती. पुढे जी किंकाळी उठली ती ऐकून भाऊजीही घाबरून उठले आणि त्यांचा पाय लागून इतका वेळ जागचे न हललेले लिंबू घरंगळत नेमके उंबऱ्याशी जाऊन थांबले. "पाहा व पाहा! चालते! त्याच्या सांगण्यावरून चालते!" मावशी ओरडल्या. गल्ली जमली. भाऊजींनी हात वर करून भाषण सुरू केले की भगिनींनो, भानामती ही अंधश्रद्धा आहे, प्रत्येक गोष्टीला कारन असते. "मग लिंबू काऊन आणला?" एकाने विचारले. भाऊजी म्हणाले, "उतार पाहाले." "कशाचा उतार?" आता आमच्याकडे अंगातले उतरवायला जो उपाय करतात त्यालाही उतारा म्हणतात, तेव्हा गल्ली दोन पावले मागे सरली. मी भाऊजींना ओढत जीपपर्यंत आणले. जीप सुरू होईना. धक्का मारायला कुणी हात लावेना. आम्ही दोघांनीच ती ढकलत नेली.

दुसऱ्या दिवसापासून गडचिरोलीत आम्हाला घर दाखवायला कुणी तयार होईना. "तो लिंबूवाला साहेब तुमीच का?" असे दारातूनच विचारत. एकाने तर घर दाखवायच्या आधी भाऊजींना खिसे उलटे करायला सांगितले. चौदाव्या दिवशी भाऊजी माझ्या खाटेवर बसून म्हणाले, "मास्तर, लिहून टाका बाईले. मुललाच राहा म्हणा." माझा फार जीव तुटला, पण मला रागही आला होता, आणि मी ते पत्र खरेच लिहिले. ते पोस्टात पडायच्या आधीच दुपारच्या एसटीने बाई उतरली, थोरलीचा हात धरून. मूलपर्यंत बातमी गेली होती. तिने चहासुद्धा घेतला नाही. "कुठी आहे ते घर?" म्हणाली. सगळी गल्ली बघत असताना ती आम्हाला घेऊन सरळ मावशींच्या अंगणात शिरली.

"मावशी, हा मानूस माहा नवरा होय," बाई म्हणाली. "करनी-गिरनी याले काई येत नाई. येत असती, तं पयले गाडी नसती का चालू झाली?" या युक्तिवादाने गल्लीतले दोघे-तिघे विचारात पडले. पण मावशी दार धरून उभ्या. "मंग माह्या आंगनात लिंबू कायले मांडला त्यानं?" भाऊजींनी पुन्हा उतार, घर्षण, दुसरा गिअर असे सांगायला घेतले. बाईने त्यांना थांबवले. तिचा आवाज अचानक बारीक झाला. "उतारच काऊन पायजे तुमाले? आठ वर्स झाले. कोंडा खाल्ला, पानी वाह्यलं, मी कधी इचारलं नाई. आज इचारून राह्यली. सगळ्यायले कारन मांगता, मले बी द्या."

भाऊजींनी टोपी काढली, परत घातली, परत काढली. बघायला रेडिएटर जवळ नव्हता. मग ते थोरलीकडे बघत, बाईकडे न बघता म्हणाले, "त्या दिवशी गाडी उतारावर असती, तं तुले बंडीत न्या लागलं नसतं. सारी वाट मी बंडीच्या मागं मागं पायदल आलो. तू वरडत होती न मी नुसता चाक पाहून राह्यलो होतो. तुले त्याचं हासू येते. मले नाई येत." टोपी डोक्यावर घालत ते म्हणाले, "घरात लेकरं आहेत. धक्का माराले मानूस भेटलाच नाई तं? गाडी धक्का न मारता निंगाली पायजे. म्हनून पाहातो."

आठ वर्षे मी या माणसाची टिंगल करत आलो होतो आणि माझ्या खिशात ते पत्र होते. मला स्वतःची लाज वाटली, दुसरा शब्द नाही. बाईने पदर डोळ्यांना लावला नाही, ती तशी नाही. ती विहिरीपाशी गेली, आत डोकावली, रहाट फिरवून बघितला आणि पाठमोरीच म्हणाली, "इथी उतार आहे का नाई?" भाऊजी म्हणाले, "नाई. लिंबू ढिम्म होता." "मंग आयुष्यभर तलावाच्या पाळी बांधता न तुमी? गावोगाव मातीचे डोंगर रचता. माह्या आंगनात चार बंड्या माती टाकून उतार नाई करता येत तुमाले?"

भाऊजींच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जे उमटले ते मी कधी विसरणार नाही. ज्या माणसाने गावोगावच्या तलावांवर माती टाकली, त्याला उतार शोधायचा नसतो, करायचा असतो, हे आठ वर्षांत सुचले नव्हते. तोंड उघडे ठेवून ते अंगणाकडे बघत राहिले. मग त्यांचे ओठ हलू लागले, ते पावले मोजत होते. मावशी तोपर्यंत दारातून उतरून थोरलीजवळ आल्या होत्या. "बंडीत झाली ते हेच पोरगी का वं?" त्यांनी तिच्या गालाला हात लावून विचारले. मग वळून म्हणाल्या, "माती टाका, डोंगर करा, राहा. पन एक सांगून ठेवतो साहेब, माह्या घरात लिंबू नोको."

पाळ बांधतात तशी भाऊजींनी ती चढण थर देऊन, पाणी मारून, धुम्मसने ठोकून बांधली. लिंबाची बंदी असल्यामुळे त्यांनी तिची परीक्षा आधी कांद्याने, मग वांग्याने आणि शेवटी कवठाने घेतली. कवठ फाटकातून बाहेर पडून रस्त्यापलीकडच्या हॉटेलात गेले तेव्हा ते समाधानी झाले. गायीचे दूध परत सुरू झाले ते चारा बदलल्यामुळे, पण मावशी मरेपर्यंत सांगत की त्या चढणीच्या पुण्याईने. त्या घरात बाई पाच वर्षे राहिली. त्या पाच वर्षांत गल्लीतल्या चार बाया त्या चढणीवरून दवाखान्यात गेल्या, चारही वेळा जीप पहिल्या घरंगळीत सुरू झाली आणि चारही पोरे दवाखान्यातच झाली. चौथीला पोहोचवून आले त्या दिवशी जेवताना बाईने बंडीची गोष्ट काढली. भाऊजी उठले नाहीत. बैल मागे वळून बघत होते इथवर बाई आली तेव्हा ते ताटाकडे बघत म्हणाले, "दोन नाई, एकच पाहत होता. डावा." आणि मग पहिल्यांदा हसले.

दशक संपता संपता त्यांची चंद्रपूरला बदली झाली. जीपने तोवर सगळे अवयव टाकले होते. चढणीवरून ती घरंगळत जाई आणि रस्त्यावर जाऊन शांत उभी राही. मूलचा एक मिलवाला तिचे इंजीन पंपाला लावायला घेऊन गेला. भाऊजींनी आरशाची रिबीन तेवढी सोडून घेतली. चंद्रपुरात घर बघायला बाई आणि मी त्यांच्याबरोबर होतो. मालकाने कुलूप काढले आणि नेहमीच्या सवयीने भाऊजी अंगणात थांबले, पण उकिडवे बसले नाहीत. जमिनीत बघण्यासारखे आता काही उरले नव्हते. त्यांचा हात खिशाकडे गेला आणि रिकामा परत आला. केस पांढरे झालेत हे मला त्या दिवशी दिसले. मग ते मुकाट्याने आत गेले आणि आतून त्यांचा आवाज आला, "इहीर नाई, नळ आहे. सयपाकघराले एकच खिडकी आहे, पन मोठी आहे."

बाई अजून अंगणातच होती. तिने आजूबाजूला बघितले, कमरेची पिशवी सोडली आणि तिच्यातून एक लिंबू काढले. चांगले ताजे होते. पदर खोचून ती खाली बसली, फुंकर मारून माती सारली आणि लिंबू जमिनीवर ठेवले.

"बाई, आता गाडी कुठी आहे?" मी म्हटले.

"चूप रे," ती म्हणाली. "पाहू दे."

भाऊजी दारात येऊन उभे होते. लिंबू थोडा वेळ जागीच राहिले, मग हळूहळू रस्त्याच्या दिशेने निघाले.